गंध : कीटकांना निमंत्रण की निवारण?

गंध हा पृथ्वी महाभूताचा विशेष गुण होय, हे आपणा सर्वांस परिचित आहे. द्रव्यपरीक्षणात आपण गंधाचा विचार चिकित्सेच्या दृष्टीने करतो. शेतातील कीटकांसाठी मात्र तोच गंध अन्नाची, जोडीदाराची वा धोक्याची खूण असतो. “कोणती वनस्पती लावली असता कीड येणार नाही?” असे शेतकरी वैद्यांना व औषधनिर्मात्यांना विचारतात. “उग्र गंधाची कोणतीही” हे उत्तर सोपे असले तरी यथार्थ नाही.

कीटकांचे घ्राणेंद्रिय प्रामुख्याने त्यांच्या शृंगिकांवर असते. तेथील सूक्ष्म केसांमध्ये ठरावीक गंधरेणू ओळखणारे ग्राहक असतात. कीटकाला कोणता गंध ओळखता येतो आणि त्याच्या जीवनक्रमात त्या गंधाचा अर्थ काय, यावर तो जवळ येणार की दूर जाणार हे ठरते. म्हणूनच एकच गंध एका कीटकास नकोसा, तर दुसऱ्यास हवासा असतो.

याचे उत्तम उदाहरण भारतातच सापडले. बिहारमधील पुसा येथे डास दूर ठेवण्यासाठी रुमालावर लावलेल्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या धावून येत. कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी याचा मागोवा घेऊन १९१२ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. येणाऱ्या माश्या नर होत्या. त्यांना खेचणारा घटक मिथाइल युजेनॉल असल्याचे त्यांनी १९१५ मध्ये दाखविले. नर माशी हा पदार्थ सेवन करते व त्यापासून मादीला आकृष्ट करणारा गंध तयार करते.

हाच घटक तुळशीतही आढळतो. आंब्यावरील फळमाशीसाठी कोकणात वापरला जाणारा ‘रक्षक’ सापळा याच तत्त्वावर चालतो. मादी फळाच्या सालीखाली अंडी घालते आणि अळ्या गर पोखरतात. फळमाशी आढळल्यामुळे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात काही महिने थांबविली होती. यावरून या किडीचे गांभीर्य ध्यानी यावे.

तथापि तीन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. पहिली, सर्व तुळस सारखी नसते. काही वाणांच्या तेलात युजेनॉल प्रधान असते, तर काहींत मिथाइल युजेनॉल. कापूर तुळशीत कापूर अधिक असतो. दुसरी, काकडी-दोडक्यावरील फळमाशी मिथाइल युजेनॉलकडे येत नाही. तिच्यासाठी क्यू-ल्युअर हे वेगळे आमिष लागते. तिसरी, सापळ्यात नर येतात, अंडी घालणारी मादी नव्हे. त्यामुळे गळलेली, किडकी फळे वेचून नष्ट करणे अपरिहार्य ठरते.

निवारक गंधाच्या बाबतीतही असाच विवेक हवा. केनियात मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम व कडेला नेपियर गवत लावून खोडकिडा आवरण्याची पद्धत १९९० च्या दशकापासून रूढ झाली. आपली दशमुळातील शालपर्णी ज्या प्रजातीत गणली जात आली, त्याच प्रजातीची ही वनस्पती. तिचा गंध किडीस दूर लोटतो, असे मानले जाई. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मात्र गंधापेक्षा तिच्या पानांवरील अंकुशासारखे केस अळ्यांना अडकवून मारतात, असे सुचविले. परिणाम दिसला तरी कारण तपासावेच लागते.

औषधनिर्मात्यांसाठी आणखी एक सूचना. शुद्ध मिथाइल युजेनॉल जपून हाताळावे. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवास ‘बहुधा कर्ककारक’ या गटात ठेवले आहे. सापळ्याचे आमिष औषधी द्रव्यांपासून वेगळे ठेवावे.

सारांश, शेतकऱ्याला सल्ला देण्यापूर्वी आपण पीक कोणते, कीड कोणती आणि वनस्पतीचा वाण कोणता, हे तीन प्रश्न विचारावेत. रोगनिदानाविना औषध न देण्याचा आपला नियम शेतालाही तितकाच लागू आहे.