नावं ठेवण्यापेक्षा नाव ठेवा

'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत फरक फक्त एका टिंबाचा. पण एकात माया आणि दुसऱ्यात नुसती नाकं मुरडणं! गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी दोन्ही एकदमच झालं, आणि तेही एका मांजरीच्या पिल्लावरून.

आमचं गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. गावोगावी राइस मिल, घरोघरी धानाची पोती. पोती आली की उंदीर आलेच, म्हणून मांजर सगळ्यांना हवी असते. पण कोणती? बोका! भाटी नको. मांजर व्याली की बोके वाटले जातात, आणि भाट्या थैलीत घालून मच्छीबाजारात नाहीतर नाल्याकाठी सोडल्या जातात. त्यात फार वाईट काही आहे, असं कुणाला वाटतही नाही.

अशीच एक श्रावणातल्या झडीत आमच्या पडवीत, चिन्नोरच्या पोत्यांमागे येऊन बसली. पांढरा, काळा, नारिंगी असे तीन रंग. आम्ही लगेच उचललं नाही. पिल्लांची आई खाणं शोधायला गेलेली असू शकते, म्हणून काही तास लांबूनच पाहावं. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही, पिल्लू थरथरत होतं, तेव्हा आत घेतलं. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवली.

माझी धाकटी वाटीभर दूध घेऊन धावली, पण दुसऱ्या दिवशी पशुवैद्यक डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलं. गाई-म्हशीचं दूध पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात आणि इवल्याशा अंगातलं पाणी निघून जातं. दात आलेल्या पिल्लाला उकडलेलं अंडं किंवा चिकन बारीक कुस्करून द्यावं. मीठ-मसाला नको, कांदा-लसूण तर अजिबात नको. आणि आपल्या तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजरीला कधीच देऊ नये. तिच्यासाठी ते विषच आहे.

डॉक्टर हसून म्हणाले, "भाटी आहे बरं का. अशी तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते."

झालं! शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "कायले ठेवता बाई? वर्षभरात घर भरून जाईल. बोका असता तर गोष्ट निराळी." सासूबाईंचंही तेच. "नाव मात्र ठेवू नका. नाव ठेवलं की माया लागते, मग सोडवत नाही."

'बोका असता तर' हे वाक्य ऐकलं आणि मी थबकले. महिला मंडळाच्या कामानिमित्त दवाखान्यात जाणं होतं. बाळंतिणीच्या खाटेजवळ हेच वाक्य, याच सुरात, मी किती वेळा ऐकलंय. मुलीची आणि मांजरीची बरोबरी मला करायची नाही. पण नको असण्याचं कारण दोन्हीकडे एकच, ती मादी आहे!

साताऱ्याची गोष्ट आठवते ना? घरात मुलींवर मुली झाल्या की पुढचीचं नाव 'नकुशी' ठेवायचं, म्हणजे नको असलेली. शाळेच्या हजेरीत, सोबतिणींच्या तोंडी, रोज तेच. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे मोठा कार्यक्रम झाला आणि अशा दोनशेहून अधिक मुलींना नवी नावं मिळाली. काहींनी तर आपलं नाव आपणच निवडलं. सासूबाईंचं म्हणणं तसं खोटं नाही. नाव दिलं की माया लागतेच. म्हणूनच तर नको असलेलीला आपण नाव देत नाही, आणि दिलंच तर असलं देतो.

रात्री मी सासूबाईंना एवढंच म्हटलं, "आई, बाळाच्या पाचवी-सहावीला आपण सटवाई पुजतो. ती षष्ठीदेवी. तिचं वाहन कोणतं, माहीत आहे? मांजर!" त्या काहीच बोलल्या नाहीत. सकाळी मात्र मागच्या अंगणातून हाक ऐकू आली, "चिन्नोर, ये गं, ये." पोत्यांमागे सापडली, आणि आपल्याकडच्या त्या सुवासिक तांदळासारखीच बारीक, म्हणून चिन्नोर. बारसं असं परस्परच उरकलं होतं!

आता काकूंच्या भीतीबद्दल. ती खोटी नव्हती. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि एका वेळी तीन-चार पिल्लं सहज होतात. पण यावर उपाय थैली नाही, नसबंदीचं ऑपरेशन आहे. चिन्नोर सहा महिन्यांची झाल्यावर आम्ही ते करून घेतलं. दोन दिवस मलूल होती, टाके चाटू नये म्हणून लक्ष ठेवावं लागलं, मग पुन्हा पोत्यांवर उड्या सुरू. घर काही भरलं नाही. उलट काकूच अधूनमधून विचारतात, "तुमची चिन्नोर रात्री आमच्याकडे पाठवता का? उंदीर लय झालेत."

रेबीजचं मात्र विसरू नका, मैत्रिणींनो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची लस द्यावी, पुढेही डॉक्टर सांगतील तेव्हा. अनोळखी मांजर चावली किंवा ओरखडली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन सुरू करा, आणि सगळे डोस पूर्ण करा.

प्रत्येकीनेच मांजर पाळावी, असं माझं म्हणणं नाही. कुणाच्या घरात दमा असतो, कुणाची खोली एवढीशी. पण तुमच्या आळीत मांजर व्याली आणि कुणी भाट्या निवडून थैलीत भरताना दिसलं, तर एक शब्द जरूर बोला. पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता सांगा. एखाद्या घरी पिल्लू ठेवून घेतील का, विचारून पाहा. आणि तिथल्या पोरांना म्हणा, हिचं नाव काय ठेवायचं ते तुम्हीच ठरवा.