चांदीच्या चोचीची मनोली

पिंगळी गावच्या शिवारात ज्वारीच्या कणसांत दाणा भरू लागला की राखणदाराला गोफण खाली ठेवायची सोय नसते. पाखरांचे थवेच्या थवे येतात. पण त्यातलं प्रत्येक पाखरू चिमणी नसतं बरं का! बांधावरच्या बोरीकडे बघा. काट्यांमध्ये एकमेकींना खेटून पाच-सात फिकट तपकिरी पाखरं बसलीत. पोट पांढरं, शेपटी काळी नि टोकदार. आणि चोच? एवढ्याशा तोंडाला केवढी जाड! निळसर राखाडी, चांदीची झाक असलेली.

ही शुभ्रकंठी मनोली, म्हणजे मुनियाच. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जेमतेम ११ सेंटिमीटर. नर कुठला, मादी कुठली ते विचारू नका, दोघं दिसायला सारखीच.

जाड चोच कशाला, तर बी सोलायला. गवताचं बी चोचीत फिरवायचं, टरफल टाकायचं, गर गिळायचा. याच चोचीमुळे तिच्या नावाचा घोळ झाला. शास्त्रीय नावात आडनाव आधी लिहितात. १७५८ साली स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी तिला नाव दिलं ‘लॉक्सिया मलबारिका’. आज लॉक्सिया म्हणतात ते पक्षी राहतात थंड प्रदेशातल्या देवदार-पाइनच्या जंगलात, त्यांच्या चोचीची टोकं एकमेकांवर चढलेली! लिनियस यांनी जाड चोचीची कितीतरी पाखरं एकाच घरात कोंबली होती.

पुढे ती ‘लोंचुरा’ झाली. हे आडनाव तयार केलं कर्नल साइक्स यांनी, १८३२ साली. इंग्रजी फौजेतला हा माणूस दख्खनच्या पाहणीवर होता आणि जाता जाता इथले पक्षीही नोंदवत होता. आता शास्त्रज्ञ तिला ‘युओडिसे मलबारिका’ म्हणतात. आडनावं बदलत गेली, ‘मलबारिका’ मात्र तसंच राहिलं. गंमत म्हणजे ती राहते मलबारपेक्षा कोरड्या माळरानांत आणि काटेरी झुडपांतच जास्त.

तिला फिंच म्हणतात, पण युरोपातल्या खऱ्या फिंचचं कुळ वेगळं. चिमणीचं वेगळं, सुगरणीचंही वेगळं. हिच्या कुळातली नातलग कोण, तर ऑस्ट्रेलियातली झेब्रा फिंच! या कुळाची एक खूण पिल्लांच्या तोंडात असते. त्यांनी आ केला की आत ठिपके किंवा रेघा दिसतात.

मनोली काटेरी झुडपात गवताचं गोल घरटं बांधते. पण सुगरणीचं जुनं घरटं रिकामं सापडलं, तर खुशाल त्यातच संसार थाटते. नातं नसलं म्हणून काय झालं?

आफ्रिकेत हिची एक बहीण आहे. दोघी इतक्या सारख्या की पूर्वी त्यांना एकच जात समजत. फरक दिसतो तो मनोली उडाल्यावर. आपल्या मनोलीची शेपटीच्या वरची जागा पांढरी, आफ्रिकेतलीची काळी. तेव्हा बोरीवरचा थवा भुर्रकन उडाला की मागून नीट बघा. पांढरं दिसेलच. काळं दिसलं, तर ती बाई पिंगळीपर्यंत आली कशी, हे शोधावं लागेल!