मानवी हक्कांचा करार तालुक्यापर्यंत कसा येतो

आंतरराष्ट्रीय करार मान्य केला म्हणून कोणाचेही आयुष्य आपोआप बदलत नाही. भारतात त्याला कायद्याचे किंवा न्यायनिर्णयाचे बळ मिळावे लागते. करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम २५३ ने संसदेला दिला आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात करार पोहोचतो तो या वाटेने.

स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याचा करार, म्हणजे 'सीडॉ', संयुक्त राष्ट्रांनी १९७९ मध्ये स्वीकारला. भारताने त्याला १९९३ मध्ये मान्यता दिली. त्याच्या आदल्या वर्षी राजस्थानातील भटेरी गावात बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका साथीणीवर, म्हणजे सरकारी योजनेतील गावपातळीवरच्या कार्यकर्तीवर, सामूहिक बलात्कार झाला होता. सरकारी योजनेचे काम केल्याबद्दल तिला ही शिक्षा मिळाली, आणि काम करणाऱ्या स्त्रीला अशा छळापासून वाचवणारा कायदाच देशात नव्हता. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ च्या 'विशाखा' निकालात न्यायालयाने सीडॉचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि कायदा होईपर्यंत ती बंधनकारक ठरवली. संसदेने कायदा केला २०१३ मध्ये. सोळा वर्षांच्या या दिरंगाईचे समर्थन होऊ शकत नाही.

हा कायदा फक्त मोठ्या कचेऱ्यांपुरता नाही. हिंगोली, वसमत हा हळदीचा मुलूख. एखाद्या आडतीवर पाच-सहा बायका रोजंदारीने हळद निवडत असतील, तर तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नसते. ती दहा किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणीच सक्तीची आहे. अशा बाईसाठी, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तरीही, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. त्यासाठी सेनगाव किंवा कळमनुरीहून हिंगोली गाठायची गरज नाही. तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. लिहिता येत नसेल तर लिहून देण्यास मदत करणे हेही कायद्यानेच बंधनकारक केले आहे.

दिव्यांगांच्या हक्कांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्यानुसार २०१६ चा कायदा आला आणि १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मान्य झाले. थॅलेसेमियाच्या रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते ते यामुळेच. सरकारी नोकरीतील राखीव जागाही तीन टक्क्यांवरून चार टक्के झाल्या.

छळविरोधी कराराची गोष्ट वेगळी. भारताने त्यावर १९९७ मध्ये सही केली, पण अनुसमर्थन दिलेले नाही आणि छळाविरुद्ध स्वतंत्र कायदाही नाही. पोलीस कोठडीत मारहाण झालेल्या माणसाला राज्य मानवी हक्क आयोगाकडे दाद मागता येते. तक्रारीला शुल्क लागत नाही. मात्र ती घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी लागते. वर आलेल्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी मुदत याहून कमी, तीन महिन्यांची आहे.