हाफ फ्राय दिसणारा जंतू

कोंबड्यांची सर्दी पकडायची तर रात्री. दिवसाच्या कलकलाटात काही कळत नाही. दिवे मालवा, पक्षी निवांत बसू द्या आणि शेडमध्ये गुपचूप उभे राहा. कुठून घरघर, कुठून शिंक आली, की जाणते पोल्ट्रीवाले म्हणतात, "सीआरडी (क्रॉनिक रेस्पिरेटरी डिसीज) दिसतोय." सकाळी बघा: नाकाला पाणी, डोळ्यांच्या कोपऱ्यात फेस, खाद्य शिल्लक, अंडी कमी. रानीखेत, ब्राँकायटिस या रोगांतही पक्षी घरघरतात, म्हणून रक्तचाचणी हवी. काचेवर रक्तजलाचा थेंब, त्यात रंगीत अँटिजेनचा थेंब. दोन मिनिटांत गुठळ्या दिसल्या तर संशय पक्का.

सीआरडी घडवणाऱ्या करामती जंतूचं नाव मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची वसाहत चक्क हाफ फ्रायसारखी दिसते. कोंबडीच्या वैऱ्याने हेच रूप घ्यावं, कमाल आहे!

या जंतूला पेशीभित्तिका नसते. पेनिसिलिन नेमकं भित्तिकेवरच घाव घालतं, त्यामुळे इथे ते फुकट. टायलोसिन, टायम्युलिन चालतात. पण खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन असेल, तर टायम्युलिन त्याच्याशी मिळून कोंबड्याच मारू शकतं. औषध पाण्यात टाकण्याआधी खाद्याच्या गोणीवरचं लेबल डॉक्टरांना दाखवाच.

हा पठ्ठ्या कोंबडीपुरताच थांबला नाही. 1994 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन शहराच्या आसपास हाउस फिंच नावाचे रानपक्षी सुजलेल्या डोळ्यांनी दिसू लागले. कारण हाच जंतू.

शेडमध्ये मात्र या जंतूचा खरा जोडीदार अमोनिया. थंडीत पडदे घट्ट, तूस ओलं, की वायू साचतो आणि श्वासनलिकेचं अस्तर सोलवटतं, मागोमाग ई. कोलाय घुसतो, मग मरतूक. माणूस उभा राहून वास घेतो, कोंबडी मात्र तुसालगत जगते. उकिडवे बसून हुंगा. डोळे चुरचुरले तर पडदे वरून थोडे उघडा, तूस खालीवर करा.

औषधाने घरघर थांबते, जंतू कळपातून जात नाही. बरी झालेली कोंबडी तो बाळगते आणि अंड्यातून थेट पिलाला देते. उबवणीआधी अंडी 46 अंशांवर 12 ते 14 तास तापवून जंतू मारण्याचा प्रयोगही झाला. त्यात काही पिलं मात्र गमवावी लागतात. त्यापेक्षा मुळातच निरोगी पेरेंट फ्लॉक बरा. पुढची बॅच बुक करताना हॅचरीवाल्याकडे भावाआधी त्याचा मायकोप्लाझ्मा चाचणीचा अहवाल मागा.