नवी फटफटी, जुनें रूप

पंचवटी म्हटली म्हणजे रामकुंड, काळारामाचें मंदिर, सीतागुंफा आणि गोदावरीचा घाट हीं प्रथम डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु या क्षेत्राच्या अगदीं कडेनेंच मुंबई-आग्रा महामार्ग जातो; आणि गोदावरी ओलांडून द्वारका चौकांत आलें कीं तेथून पुण्याचा रस्ता फुटतो. त्या रस्त्यानें सिन्नर, संगमनेर, नारायणगांव, मंचर हीं गांवें मागें टाकल्यावर चाकण लागतें. कांद्याच्या बाजारासाठीं पूर्वींपासून प्रसिद्ध असलेलें हें गांव आतां वाहनांच्या कारखान्यांसाठींही ओळखलें जातें. तेथील बजाज कंपनीच्या कारखान्यांत २०२३ सालीं एक नवी फटफटी तयार होऊं लागली. तिचें नांव ‘स्पीड ४००’, आणि टाकीवरील शिक्का ‘ट्रायम्फ’ या जुन्या इंग्रज कंपनीचा.

या कंपनीनें आपली पहिली फटफटी १९०२ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेन्ट्री शहरीं बनविली. बजाज आणि ट्रायम्फ यांचें सहकार्य २०१७ च्या ऑगस्टमध्यें जाहीर झालें व २०२० च्या जानेवारींत त्यास रीतसर स्वरूप आलें. २७ जून २०२३ रोजीं ही गाडी लंडन येथें जगापुढें मांडण्यांत आली आणि ५ जुलै रोजीं तिची भारतांतील किंमत जाहीर झाली. नोंदणी व विमा सोडून ती २ लाख ३३ हजार रुपये होती. पहिल्या दहा हजार ग्राहकांस दहा हजार रुपयांची सूट होती. मध्यम स्थितींतील कुटुंबास ही रक्कम लहान नव्हे. म्हणून अशी गाडी पाहतांक्षणीं मनावर जो ठसा उमटतो, त्यावर कितपत विसंबावें, हा प्रश्न घरांतील सर्वांच्याच विचाराचा आहे.

पहिला ठसा रूपाचा. वाटोळा दिवा, घाटदार टाकी, कांट्याचा वेगदर्शक आणि इंजिनावरील पंख्यांसारख्या पट्ट्या पाहून प्रौढ माणसास आपल्या तरुणपणाची आठवण होते. जुन्या गाड्यांत या पट्ट्यांना मोठें काम असे. इंजिन तापलें म्हणजे त्यांच्यावरून वाहणारी हवा उष्णता घेऊन जाई. पट्ट्या जितक्या अधिक, तितकें हवेला उघडें असलेलें अंग अधिक. स्पीड ४०० चें इंजिन मात्र खेळत्या द्रवानें थंड होतें. तो द्रव समोरच्या जाळीदार पेटींत येऊन आपली उष्णता वाऱ्यास देतो. अर्थात् येथें पट्ट्या आहेत त्या मुख्यतः शोभेसाठीं. याला कोणी लबाडी म्हणूं नये. परंतु रूप आणि यंत्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें येथेंच ध्यानांत येतें.

दुसरा ठसा आवाजाचा. ‘फटफटी’ हें नांवच मुळीं आवाजावरून पडलें आहे. या गाडीच्या इंजिनास सिलिंडर एकच. अशा इंजिनांत दट्ट्या चार वेळां धांवतो, म्हणजे चाकाचे दोन फेरे होतात, तेव्हां इंधनाचा एकदां स्फोट होतो. उभ्या गाडीचें इंजिन मिनिटास हजार फेरे घेत असेल, तर मिनिटास पांचशें, म्हणजे सेकंदास सुमारें आठ स्फोट झाले. इतके ठोके कानास निरनिराळे कळतात. तीच ती फटफट. फेरे वाढले कीं ठोके एकमेकांत मिसळतात व त्यांचा एकसंध घोष होतो. बुलेटच्या संथ धडधडीस सरावलेल्या माणसास नव्या गाडीचा आवाज प्रथम परका वाटतो, याचें कारण हेंच कीं ती अधिक फेऱ्यांवर धांवण्यासाठीं बनविली आहे.

हा भेद नीट समजण्यास तीन गाड्यांचीं मापें पाहणें उपयुक्त होईल. जुन्या ३५० बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर होती. सप्टेंबर २०२१ मध्यें निघालेल्या नव्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० मध्यें तीं मापें ७२ व ८५.८ अशीं आहेत. स्पीड ४०० मध्यें व्यास ८९ आणि धांव अवघी ६४. म्हणजे पहिल्या दोन गाड्यांचा सिलिंडर उंच पेल्यासारखा, तर तिसरीचा पसरट वाटीसारखा.

यांतून काय निष्पन्न होतें? दट्ट्या दर फेऱ्यास एकदां खालीं व एकदां वर जातो. धांव लांब असली तर तेवढ्याच वेळांत त्यास अधिक अंतर तोडावें लागतें, आणि धातूची झीज व ताण लक्षांत घेतां या धांवण्यास कांहीं मर्यादा ठेवावी लागते. क्लासिकची पूर्ण शक्ति, म्हणजे सुमारें २० अश्वशक्ति, मिनिटास ६१०० फेऱ्यांवर मिळते. स्पीड ४०० ची सुमारें ४० अश्वशक्ति ८००० फेऱ्यांवर. गणित करून पाहिलें तर त्या त्या वेळीं दोन्ही दट्ट्यांचा सरासरी वेग सेकंदास सुमारें १७ मीटर, म्हणजे जवळजवळ सारखाच भरतो! आंखूड धांवेच्या दट्ट्यानें तेवढ्याच वेगांत अधिक फेरे पुरे केले, इतकेंच. मात्र चाकास पीळ देणारा जोर क्लासिकमध्यें ४००० फेऱ्यांवर कमाल होतो, तर स्पीड ४०० मध्यें ६५०० वर. म्हणून काळारामाच्या आसपासच्या गल्लींत, माणसें, गाई आणि हातगाड्या यांमधून वाट काढतांना क्लासिक वरच्या गिअरमध्येंही सोशिकपणें चालते. नव्या गाडीच्या स्वारास गिअर अधिक वेळां उतरवावा लागण्याचा संभव असतो. उलट महामार्गावर तीच गाडी हसत खेळत पुढें जाते.

ज्यांनीं ही गाडी आरंभीं चालवून पाहिली, त्यांच्या सांगण्यांत कांहीं गोष्टी वारंवार आल्या. बैठक जमिनीपासून ७९० मिलिमीटर उंच असल्यानें बेताच्या उंचीच्या माणसाचेही पाय टेकतात. क्लच हलका आहे. गाडी वळणावर सहज कलते. मूठ पिळली कीं ती तत्परतेनें झेपावते. याबरोबरच, फेरे फार वाढले म्हणजे हातापायांस बारीक थरथर जाणवते आणि खडबडीत रस्त्यावर चाल किंचित् ताठ लागते, असेंही अनेकांनीं नमूद केलें. एका सिलिंडरच्या इंजिनांत थरथर कांहीं अंशीं स्वभावतःच असते. एकटा दट्ट्या वरखालीं होतो व त्याचा धक्का तोलण्यास जोडीदार नसतो. उलट दिशेनें फिरणारा तोलदंड बसवून ती पुष्कळ कमी करतां येते, परंतु साफ नाहींशी होत नाहीं.

हे सर्व ठसे खरेच आहेत. पण त्यांत एक धोका दडलेला आहे. स्पीड ४०० चें वजन सुमारें १७६ किलो, म्हणजे दर अश्वशक्तीमागें सुमारें साडेचार किलो. क्लासिकचें १९५ किलो, म्हणजे दर अश्वशक्तीमागें साडेनऊ किलोंहून अधिक. रूपानें दोघी एकाच घराण्यांतल्या वाटल्या, तरी एकीच्या अंगीं दुसरीच्या दुपटीहून अधिक चपळाई आहे. वडिलांनीं गाडीचें सौम्य रूप पाहून ‘ही जुन्या वळणाची, शांत दिसते’ म्हणून संमति द्यावी आणि मुलानें तिच्या झेपेवर भुलून जावें, असें होणें अशक्य नाहीं. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचें अंतर सुमारें चौपट होतें, हा सृष्टीचा नियम. गाडीच्या रूपाशीं त्याला कर्तव्य नाहीं. संगमनेरपुढच्या चंदनापुरी घाटांत तो फार महाग पडूं शकतो.

या गाडीच्या दोन्ही चाकांस ब्रेक लागतांना चाक जखडूं न देणारी योजना आहे, ही समाधानाची गोष्ट होय. ब्रेक जोरानें दाबला व चाक फिरायचेंच थांबलें, तर तें घसरतें आणि गाडीचा तोल जातो. ही योजना क्षणोक्षणीं पकड सैल व घट्ट करून चाक फिरतें ठेवते. पावसाळ्यांत ओल्या रस्त्यावर तिचा उपयोग मोठा. तरी अंतर राखण्याचें काम तिनें करावें अशी अपेक्षा करणें चूक.

तेव्हां दुकानांतील दहा मिनिटांच्या फेरीनें काय कळतें आणि काय कळत नाहीं, हें आधींच ठरवून जावें. पाय टेकतात कीं नाहीं, मनगटावर भार येतो कीं काय, रहदारींत इंजिनाची आंच पायास लागते कीं नाहीं, हें कळतें. पुण्यापर्यंतच्या प्रवासानंतर पाठ कशी राहील, किंवा पावसांत उतारावर ती कशी थांबेल, हें कळत नाहीं. घरांतील दुसऱ्या माणसासही मागें बसवून एक फेरी अवश्य घ्यावी. कारण मागील बैठक सोयीची आहे कीं नाहीं, हें पुढें बसणारास कधींच समजत नाहीं. डोक्यावरील शिरस्त्राण कायद्यानें दोघांसही बंधनकारक आहे. गाडीच्या किंमतींतच दोन चांगल्या शिरस्त्राणांचा खर्च धरलेला बरा.

रूप आवडलें म्हणून गाडी घेण्यांत गैर कांहीं नाहीं. आवडत्या वस्तूची निगाही माणूस अधिक आस्थेनें राखतो. मात्र सही करण्यापूर्वीं वाटोळ्या दिव्यावरून नजर काढून माहितीपत्रकांतील तीन आंकडे वाचावे : वजन, शक्ति, आणि ती शक्ति किती फेऱ्यांवर मिळते तो आंकडा. गाडी कशी चालेल, याचा बराचसा खुलासा त्या तिहींत होतो.