साठ्याची मर्यादा

संपादक मंडळाने ‘सद्यःस्थिती आणि व्यापारी’ या विषयावर चार शब्द लिहावेत असा आग्रह केला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. माझे शिक्षण शालान्त परीक्षेपुरते. पुढची सारी विद्या गादीवर, वखारीत आणि मार्केट यार्डात मिळालेली. तथापि गेली सुमारे पन्नास वर्षे बेळगावात धान्याचा घाऊक व्यापार करीत असताना सरकारे, कायदे, आंदोलने आणि भाव यांचे जे येणे-जाणे पाहिले, ते निदान आपल्या मुलाबाळांसाठी नोंदवून ठेवावे असे वाटले, म्हणून लेखणी हाती घेतली आहे. माझी मते जुन्या वळणाची आहेत. ज्यांना ती पटणार नाहीत त्यांनी रागावू नये. हिशेब मात्र तपासून पाहावा.

आरंभ १९७३ सालापासून करतो. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने सारा दख्खन होरपळला होता. महाराष्ट्रात शिधापत्रिकेवर परदेशी तांबडी मिलो मिळत होती आणि लोक ती नाक मुरडून का होईना, पण खात होते. अशा वेळी, एप्रिल महिन्यात, केंद्र सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला. व्यापारी हाच टंचाईचे मूळ आहे, त्याला मधून दूर केले म्हणजे गहू आपोआप स्वस्त होईल, असा सिद्धान्त त्यामागे होता. मी त्या वेळी तेरा वर्षांचा होतो. वडिलांनी गव्हाची खतावणी लाल फडक्यात बांधून फडताळात ठेवली, ते दृश्य मला अजून आठवते. आमच्याकडचा एक वृद्ध हमाल उंबऱ्याशी बसून होता. त्याने विचारले, “अण्णा, गहू सरकारचा झाला, मग पोती कोण उचलणार?” वडिलांजवळ उत्तर नव्हते.

पुढे काय झाले ते इतिहासात नमूद आहे. सरकारने क्विंटलला ७६ रुपये भाव ठरविला. शेतकऱ्याने त्या भावात माल आणला नाही. ज्याच्याजवळ होता त्याने तो घरात ठेवला किंवा आडमार्गाने विकला. सरकारची खरेदी ठरविलेल्या लक्ष्याच्या निम्म्याहून थोडीच अधिक झाली. गव्हापाठोपाठ तांदूळही ताब्यात घेण्याचा बेत होता, तो गुंडाळावा लागला. वर्षाच्या आतच, १९७४ च्या मार्चमध्ये, सरकारने पाऊल मागे घेतले आणि खरेदीचा भाव १०५ रुपयांवर नेला. वडिलांनी फडताळातील खतावणी पुन्हा काढली. परंतु तो वृद्ध हमाल तोपर्यंत गावी निघून गेला होता. तो परत आला नाही. धोरण मागे घेता येते, त्यात गेलेले माणसाचे वर्ष मात्र परत देता येत नाही, हा धडा मी त्या वयात शिकलो.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. ५ जून २०२० रोजी केंद्राने शेतमालासंबंधी तीन वटहुकूम काढले आणि सप्टेंबरमध्ये संसदेने त्यांचे कायदे केले. पहिल्याने बाजार समितीच्या आवाराबाहेर बाजारशुल्काविना खरेदी-विक्रीस मोकळीक दिली. दुसरा शेतीच्या करारासंबंधी होता. तिसऱ्याने १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात सुधारणा केली. धान्य-कडधान्याच्या किरकोळ भावात निम्म्याने वाढ झाली तरच साठ्यावर मर्यादा घालता येईल, एरवी नाही, असा तिचा आशय होता. ज्याने आयुष्यभर वखारीच्या दारात निरीक्षकाची वाट पाहिली आहे, त्याला हे वाचून किती हायसे वाटले असेल, हे आपल्या सभासदांना सांगावयास नको.

परंतु चांगले कामही चांगल्या रीतीने करावे लागते. देशातील टाळेबंदी पुरती उठली नसताना वटहुकूम काढावयाचा, राज्यसभेत गदारोळातच आवाजी मतदानाने विधेयके संमत करावयाची, आणि ज्यांच्या जीवनाशी संबंध त्यांच्याशी आधी बोलावयाचे नाही, हे मोठ्या पेढीच्या मालकाने मुनिमास न विचारता रातोरात हिशेबाची पद्धत बदलण्यासारखे झाले. पंजाबात गहू आणि भात सरकारी हमीभावाने मंडीतच विकला जातो. तेथे बाजारशुल्क ३ टक्के, ग्रामविकास निधी ३ टक्के आणि अडत अडीच टक्के, असे साडेआठ टक्के खरेदीवर पडत. मंडी उठली तर हमीभावही उठेल, असे भय शेतकऱ्यास वाटले आणि अडत्यास आपल्या अडतीचे वाटले. दोघे एकत्र आले यात नवल नाही.

२६ नोव्हेंबर २०२० पासून दिल्लीच्या सिंघू, टिकरी आणि गाझीपूर सीमांवर शेतकरी ठाण मांडून बसले. थंडीवाऱ्यात कित्येकांचे प्राण गेले. त्यांच्याविषयी मनात आदरच आहे. पण माझ्या जुन्या बुद्धीस एक गोष्ट पटली नाही. १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांस स्थगिती दिली आणि एक समिती नेमली. तिच्यात महाराष्ट्रातील शेतकरी संघटनेचे अनिल घनवट हेही होते. कायदा थांबला होता, बोलण्याचे दार उघडले होते. तरीही रस्ते अडलेलेच राहिले आणि पुढारी समितीपुढे गेलेच नाहीत. २६ जानेवारीस लाल किल्ल्यावर जे घडले, त्याने तर आंदोलनाच्या पुष्कळशा पुण्याईवर पाणी पडले. समितीने मार्चमध्ये अहवाल दिला. तो कोणी उघडण्याच्या आतच जणू निकाल लागला. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी कायदे मागे घेत असल्याचे सांगितले आणि २९ तारखेस संसदेने ते चर्चेवाचून रद्द केले. आले तेही घाईने, गेले तेही घाईने. ज्या देशात धान्याचा कायदा वटहुकुमाने येतो आणि रस्ता अडवून जातो, तेथे शेतकरी काय आणि व्यापारी काय, पाच वर्षांचा विचार करून कोठारे कशी बांधणार?

या रद्दबातलीची किंमत कोणी मोजली ती पाहा. जून २०२३ मध्ये सरकारने घाऊक व्यापाऱ्यास तुरीचा व उडदाचा प्रत्येकी २०० टनांहून अधिक साठा ठेवण्यास मनाई केली. त्याच महिन्यात गव्हाची मर्यादा ३००० टन ठरली. त्या सप्टेंबरात ती २००० झाली, डिसेंबरात १०००, पुढील फेब्रुवारीत ५००. जून २०२४ मध्ये नव्याने पुन्हा ३००० झाली, आणि फेब्रुवारी २०२५ येता येता २५० टनांवर आली. मे २०२५ मध्ये ती परत ३००० वर गेली. २५० टन म्हणजे दहा-बारा ट्रकांचा माल. आमच्यासारख्या मध्यम पेढीला ३००० टन कधीच लागत नाहीत. पण हंगामात शेतकऱ्याचा माल घेऊन तो वर्षभर पुरवावयाचा हेच घाऊक व्यापाऱ्याचे काम असता, सहा महिन्यांनी मर्यादा कोठे असेल हे ठाऊक नसेल, तर तो हंगामात हात आखडूनच खरेदी करणार. त्याचा फटका प्रथम बसतो तो माल घेऊन यार्डात आलेल्या शेतकऱ्यास. रस्त्यावर जिंकलेल्या लढाईचे हे बिल कोणी त्याला दाखविले नाही.

आंदोलनावर टीका करताना हरताळाचा इतिहास मात्र विसरता येत नाही, कारण हरताळ हे मुळात व्यापाऱ्याचेच शस्त्र होय. हाटास टाळे, असाच त्या शब्दाचा अर्थ सांगतात. १६६९ साली सुरतेच्या काजीच्या जुलमास कंटाळून तेथील हजारो वाणी-व्यापारी दुकाने बंद करून भडोचला निघून गेले आणि सुरतेचा व्यवहार ठप्प झाला. त्यांनी कोणाचे दुकान बळाने बंद पाडले नाही; आपलेच बंद केले व नुकसान आपणच सोसले. आजचा ‘बंद’ त्याहून वेगळा आहे. पुकारणारा एक, आणि सोसणारा दुसरा. केरळच्या उच्च न्यायालयाने १९९७ साली असे बंद घटनाबाह्य ठरविले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. २००३ च्या मुंबई बंदाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने पुढील वर्षी दोन पक्षांना प्रत्येकी २० लाख रुपये दंड केला. तरी बंद चालूच आहेत. आपल्या सीमाभागास तर त्यांची एवढी सवय झाली आहे की लहान मुलेही सकाळी उठून आज दुकान आहे काय, असे विचारतात.

इतके लिहून झाल्यावर स्वतःच्या पदराकडे पाहणे भाग आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद धान्य-डाळींवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू व्हावयाचा होता. त्याच्या निषेधार्थ १६ जुलै रोजी देशातील अनेक धान्य बाजारांनी व्यवहार बंद ठेवले. बंदाविरुद्ध जन्मभर बोलणाऱ्या मीही त्या दिवशी पेढीचे दार लावून घेतले. आमची मागणी रास्त होती असे मला आजही वाटते. दुपारी घरी बसलो असता वखारीवरचा एक तरुण हमाल आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, “मालक, बंद तुमचा, आमच्या आजच्या हमालीचं काय?” १९७३ साली वडिलांना जो प्रश्न कोणी विचारला होता, तोच पन्नास वर्षांनी मला विचारला जात होता. फरक इतकाच की त्या वेळी दोष सरकारचा होता, या वेळी आमचा. मी त्याला पैसे दिले. पण त्याने विचारल्यावर दिले, आधी नाही. ती खंत आहे.

दुसरी गोष्ट याहून जड आहे. २०१५ च्या दिवाळीपूर्वी तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला २०० रुपयांपर्यंत चढली होती. शहापुरातील एक बाई खानावळ चालवीत. आमच्या पेढीचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक. त्या नेहमीची दोन पोती मागावयास आल्या. भाव आणखी चढेल असे माझे मन सांगत होते. मी म्हणालो, “बाई, डाळ संपली.” मागे वखारीत थप्पी उभी होती. त्याच क्षणी माझा हमाल दुसऱ्याच कामासाठी वखारीचे दार उघडून आत गेला आणि बाईंना ती दिसली. त्या रागावल्या नाहीत. “अण्णा, भाव जास्त सांगितला असतात तरी चाललं असतं, खोटं कशाला बोललात?” एवढेच बोलून त्या निघून गेल्या. त्या मालात पुढे मला दोन पैसे मिळाले. बाई मात्र पुन्हा आमच्या पायरीवर चढल्या नाहीत. रोजकिर्दीत तो नफा जमा आहे. त्याच्या नावे काय पडले, ते फक्त मला ठाऊक आहे.

याच कारणाने, लोक व्यापाऱ्यास साठेबाज म्हणतात तेव्हा मला पूर्वीसारखा संताप येत नाही. सरकारचा १९७३ चा सिद्धान्त चुकीचा होता, पण तो हवेतून आला नव्हता. माझ्यासारख्यांनी थप्पीमागे उभे राहून उच्चारलेल्या खोट्या वाक्यांतून त्याला बळ मिळाले. यार्डात अजूनही कोणी शेतकऱ्याच्या वजनातून कडता कापतो, कोणी पट्टीत न सांगितलेला खर्च लावतो. अशी एकेक पट्टी पुढच्या आंदोलनाचे एकेक पत्रक होय.

आपल्या परंपरेत यावर औषध आहे आणि ते सरकारी नियंत्रणाहून कितीतरी जुने आहे. श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रहपरिमाण हे एक व्रत आहे. आपल्याजवळ किती असावे, याची मर्यादा श्रावकाने स्वतःच ठरवावयाची. तत्त्वार्थसूत्रात त्या व्रताचे अतिचार सांगताना ज्या वस्तूंची मर्यादा ओलांडू नये म्हटले आहे, त्यांत धान्याचा स्पष्ट उल्लेख आहे. अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोटी मापे, मालातील भेसळ आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन ही मोजली आहेत. आपल्या पूर्वजांनी साठामर्यादा सरकारकडून शिकली नव्हती. ती ते देवापुढे घेत आणि पाळीत. आपण ती सोडली, म्हणून ती दिल्लीहून राजपत्रातून येऊ लागली आणि दर सहा महिन्यांनी बदलू लागली.

यास्तव सभासद बंधूंपुढे तीन गोष्टी नम्रपणे ठेवतो. पहिली, येत्या दिवाळीच्या वहीपूजनाच्या वेळी प्रत्येक पेढीने नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपल्या प्रत्येक मालाच्या साठ्याची मर्यादा स्वतःच्या हाताने लिहावी आणि माल असताना नाही म्हणणार नाही, एवढे त्याखाली लिहावे. दुसरी, संघाने कोणत्याही कारणाने व्यवहार बंद ठेवण्याचा ठराव केला, तर त्या दिवसाची हमाली व तोलाई बुडू न देण्याची तरतूद त्याच ठरावात असावी. आपल्या निषेधाची किंमत आपणच भरावी, म्हणजे सुरतकरांच्या वारशास आपण शोभू. तिसरी, सरकारकडे निवेदने नेताना केवळ करमाफी मागू नये. साठ्याचा नियम हंगामाच्या आरंभी जाहीर व्हावा आणि हंगामभर टिकावा, ही मागणी शेतकरी संघटनांना बरोबर घेऊन करावी. या एका मागणीत त्यांचे आणि आपले हित एकच आहे.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी गेल्या दिवाळीत तुरीचा आकडा लिहिला. तो सरकारच्या २०२३ च्या मर्यादेहून बराच कमी आहे. मुलाने विचारले, “बाबा, कायदा इतका ठेवू देतो, मग आपण कमी का?” मी त्याला शहापूरच्या बाईंची हकीकत सांगितली. तो काही बोलला नाही. पण शाई वाळल्यावर त्याने माझ्या आकड्याखाली आपली सही केली.