परघरचे एंजिन आणि पंखा

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथे मोटारींच्या शर्यतींसाठी सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा मार्ग आहे. कोइंबतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० या प्रवासी मोटारीचे एंजिन घेऊन ‘फॉर्म्युला मारुती’ ही एका आसनाची गाडी घडविली. तीही १९९० नंतरच्या काळात या मार्गावर धावली. एका गाडीचे एंजिन दुसऱ्या सांगाड्यात नांदू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय. मात्र एंजिन नव्या घरी आले, तरी त्याच्या सवयी जुन्या घरच्याच राहतात. त्या प्रथम जाणवतात त्या विजेच्या पंख्याच्या बाबतीत.

इंधनाच्या उष्णतेचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग एंजिनातील पाणी रेडिएटरकडे वाहून नेते. गाडी वेगात असता वारा ते पाणी निववितो. ती थांबली की ते काम पंख्याकडे येते. म्हणून धावताना ठीक असलेली गाडी उभी राहताच तापू लागली, तर संशय पंख्यावर घ्यावा. परंतु पंखा हा हुकमाचा ताबेदार. संवेदक तापमानाची वर्दी देतो, नियंत्रक निर्णय घेतो, रिले मोठा प्रवाह सोडतो, आणि मग पंखा फिरतो. कोणता दुवा निखळला हे न पाहता भाग बदलीत बसणे म्हणजे निदानावाचून औषध देणे होय.

तपासणी शेवटच्या दुव्यापासून मागे यावी. फ्यूज पाहून झाल्यावर पंखा, मध्ये फ्यूज ठेवून, थेट बॅटरीला जोडावा. तो फिरला नाही, तर मोटर निकामी समजावी. फिरला, तर रेडिएटरच्या पुढे कागद धरावा. एंजिनाच्या बाजूस बसविलेल्या पंख्याने तो ओढून धरला पाहिजे. लोटून दिला, तर तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. त्यानंतर रिले पाहावा. त्याचा ‘टक्’ असा आवाज होऊनही पंखा थांबलेलाच असेल, तर रिलेचे संपर्क किंवा पुढील तार सदोष असते. पंखा चालू असता त्याची ऋण तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांत अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक दिसला, तर ‘अर्थ’ कच्चा आहे. रंगावरच आवळलेला बोल्ट हे त्याचे नेहमीचे कारण.

येथवर सारे ठीक असेल, तर दोन घरांच्या भाषा जुळत नाहीत असे समजावे. काही गाड्यांत संवेदक हे ठरावीक तापमानाला मिटणारे साधे बटण असते. इतर गाड्यांत तो विद्युत्‌रोध बदलतो. एका प्रचलित प्रकारात २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, तर ८० अंशांना सुमारे ३०० ओहम. एकाचे काम दुसरा करू शकत नाही. संवेदकाचे टोक गरम पाण्यात बुडवून मोजणी केली, म्हणजे त्याची जात कळते.

तारा निर्दोष असूनही पंखा उशिरा लागत असेल, तर हवेचा बुडबुडा शोधावा. नव्या सांगाड्यात एंजिन रेडिएटरहून उंच बसले, तर हवा तेथे अडकते आणि संवेदक कोरडाच राहतो.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालचे पाणी शंभर अंशांपलीकडेही उकळत नाही, पण झाकण सुटताच उसळते. पंख्याजवळ हात नेण्यापूर्वी बॅटरी सोडवावी, कारण काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही तो अचानक फिरू लागतो. तसेच अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी. अति उष्णतेने ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि गॅस्केट जळते. एका सैल बोल्टाची किंमत मग अख्ख्या एंजिनाने चुकवावी लागते.